बस ठरवण्याआधी वेळापत्रक ठरवा

श्रावण जवळ आला की इंदूरच्या मराठी मंडळांत, भिशीच्या ग्रुपवर आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एकच विचारणा सुरू होते: "महेश्वरला जायचंय, चाळीस जण आहोत, स्वस्तातला बसवाला कोण?" ही विचारणा शेवटी करायची असते. बस भाड्याने घेतो तेव्हा आपण दोन गोष्टींचे पैसे देतो. एक म्हणजे किलोमीटर आणि दुसरी म्हणजे ड्रायव्हरचे जागे तास. हे दोन्ही किती लागणार ते कागदावर मांडल्याशिवाय फोन केला, तर समोरचा सांगेल तो दर स्वस्त की महाग हे कळायला काही मार्ग उरत नाही. सहल फसते तीसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे तासांच्या हिशेबात.

महेश्वरचंच उदाहरण घेऊ. राऊ, मानपूर, धामनोद या वाटेने इंदूर ते महेश्वर सुमारे ९५ किलोमीटर आहे. मोटारगाडी दोन तासांत पोचते. बस तशी पोचत नाही. तिला ८० चा वेगनियंत्रक असतो, मानपूरच्या पुढे घाट उतरायचा असतो आणि चाळीस माणसं चहाला उतरली की ती परत चढायलाच दहा मिनिटं लागतात. इंदूरचं राजेंद्रनगर सोडल्यापासून सव्वादोन तास निव्वळ चालण्याचे आणि अर्धा तास नाश्त्याचा धरावा. ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटरवर, पण सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह, मोरटक्का हा रस्ता हळू चालतो. त्यात गेली काही वर्षं रुंदीकरणाची आणि बोगद्यांची कामं चालू आहेत, म्हणून तीन तास धरलेले बरे. महेश्वर ते ओंकारेश्वर मंडलेश्वर-बडवाहमार्गे ६५ च्या आसपास, दोन तास.

आता बेरीज करा. "एकाच दिवसात महेश्वर आणि ओंकारेश्वर" हा मंडळांचा लाडका बेत आहे, आणि किलोमीटरच्या हिशेबात तो मस्त बसतो: ९५ अधिक ६५ अधिक ८० म्हणजे २४०. पण गाडी सव्वासात तास नुसती चालणार, त्यात नाश्ता, जेवण, ओंकारेश्वरची रांग, झुलत्या पुलावरून जाणं-येणं आणि शहरात माणसं गोळा करणं मिळवलं की दिवस पंधरा-सोळा तासांचा होतो. ड्रायव्हरचा दिवस आपल्याआधी सुरू होतो आणि आपण घरी चहा पीत असतो तेव्हा तो गाडी गॅरेजला लावत असतो. १९६१च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) घालून दिलेलं माप असं होतं: दिवसाला ८ तास काम, लांबच्या मार्गावर फार तर १०, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा पसारा १२ तासांच्या आत. वेळापत्रक या मापावर घासून बघा. जिथे ते मापाबाहेर जातं तिथे अंधारात भेरूघाट चढणारा, पहाटे साडेचारला उठलेला माणूस आपली चाळीस माणसं सांभाळत असतो. हा बेत एका दिवसात करू नये, असं स्पष्ट मत आहे. एक तर दोन दिवस घ्या, नाही तर एक ठिकाण सोडा.

नुसतं महेश्वर असेल तर दिवस असा बसतो. गाडी गॅरेजमधून ६.३० ला निघाली, टिळकनगरला ६.४५, लोकमान्यनगरला ७.१०, राजेंद्रनगरहून ७.३० ला पुढे. मानपूरच्या आसपास अर्धा तास नाश्ता. १०.१५ ला महेश्वर. किल्ला, अहिल्याबाईंचा वाडा, घाट, नाव, जेवण, साड्यांची खरेदी यासाठी पूर्ण पाच तास. ३.१५ ला बस हलली की ५.३० ला राजेंद्रनगर, ६.१० ला टिळकनगर, ६.३० ला गॅरेज. बरोबर बारा तास, आणि घाटाची चढण उजेडात. यात कुठे अर्धा तास वाढवायचा असेल तर तो दुसरीकडून काढावा लागतो, आणि काढायचा असेल तर गोळा करण्याच्या थांब्यांतून काढा. तीनपेक्षा जास्त थांबे ठेवू नयेत. प्रत्येक थांबा म्हणायला पाच मिनिटांचा असतो, खरा पंधराचा असतो.

थांब्यांचा क्रमही दिशेवर ठरतो. राऊकडे जायचं असेल तर टिळकनगरहून सुरुवात आणि राजेंद्रनगरला शेवट. उज्जैनला जायचं असेल तर याच्या उलट, राजेंद्रनगरची मंडळी आधी आणि सांवेर रोडला लागताना शेवटची. ओंकारेश्वरसाठी शेवटचा थांबा भंवरकुआच्या पुढे, तेजाजीनगरच्या बाजूला सोयीचा. "आमच्या गल्लीत या ना, दोनच मिनिटं" याला नाही म्हणायचं. बारा मीटरची बस गल्लीत वळत नाही, मागे घ्यावी लागते, आणि विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या, दुचाक्या यांतून ती मागे घेताना पंधरा मिनिटं तर जातातच, आरसाही जातो. रिक्षाने मुख्य रस्त्यावर यायला सांगा आणि ज्यांना खरंच चालवत नाही त्यांच्यासाठी कुणाची तरी गाडी ठेवा.

तारीख

गाडीच्या आधी पंचांग उघडा. लग्नाचा मुहूर्त असलेल्या तारखेला चांगली बस मिळत नाही, मिळाली तर दर चढा असतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्रायव्हर आदल्या रात्रीच्या वरातीतून सरळ आपल्या दारात आलेला असतो. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे आषाढ ते कार्तिक गाड्या मोकळ्या असतात आणि भाव करायला जागा असते. अपवाद श्रावणातले सोमवार: उज्जैन आणि ओंकारेश्वर दोन्हीकडे गर्दी, कावडयात्रा, वाहनांना लांब अडवणं. नागपंचमीला उज्जैनला नागचंद्रेश्वर मंदिराचं दार वर्षातून एकदाच उघडतं, त्या दिवशी बस घेऊन सहल म्हणून जाऊच नये. अमावस्या-पौर्णिमेला ओंकारेश्वरही टाळा, सोमवती असेल तर नक्कीच. पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल बंद करतात, म्हणून ओंकारेश्वरच्या बेतात पर्यायी ठिकाण आधीच ठरलेलं असू द्या आणि ते गाडीवाल्यालाही सांगून ठेवा. नाही तर आयत्या वेळी मार्ग बदलला की दर नव्याने निघतो.

निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० प्रमाणे प्रशासन मतदानाच्या कामासाठी खासगी बस अधिग्रहित करू शकतं. त्यावर गाडीवाल्याचा काही इलाज नसतो. मतदानाच्या तारखेच्या आगेमागे आठवडाभर सहल ठेवू नका, आणि ठेवलीच तर आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल हे लिहून घ्या.

एरवी तीन आठवडे आधी विचारणा पुरते. दिवाळीच्या सुट्या आणि देवउठणी (कार्तिकी) एकादशीनंतरचे दिवस यांसाठी दीड महिना आधी.

कोणती गाडी

सतरा आसनी ट्रॅव्हलर, वीस-सव्वीस आसनी लांब ट्रॅव्हलर, सत्तावीस ते पस्तीसची मिनी बस आणि पंचेचाळीस-एकोणपन्नासची मोठी दोन-बाय-दोन, इंदुरात साधारण एवढे प्रकार मिळतात. "१७ अधिक १" मधला एक म्हणजे ड्रायव्हर. आसनं मोजताना क्लीनरचं धरलं आहे का ते विचारा, कारण क्लीनर अनेकदा दाराजवळच्या सीटवर बसतो आणि ती सीट आपण कुणाला तरी दिलेली असते. मागची सलग पाचांची ओळ चाकाच्या मागे येते, खड्ड्यात तीच सर्वात जास्त उडते. पाठीचं दुखणं असलेल्यांना तिथे बसवायचं नाही, म्हणून ज्येष्ठांच्या सहलीत ती ओळ सामानाची समजा. चाळीस माणसांच्या जमावात शेवटच्या दोन दिवसांत तीन-चार जण गळतातच. तेव्हा माणशी वर्गणी काढताना पूर्ण आसनसंख्येने भागू नका. पंचेचाळीसची बस असेल तर अडतीसने भागा. उरले तर परत करा, कमी पडलेले मागत फिरणं फार वाईट.

एकच मोठी बस की दोन ट्रॅव्हलर? आसनामागे खर्च मोठ्या बसचा कमी येतो आणि ज्येष्ठांना तिचा प्रवास मऊ वाटतो. पण ठिकाण बघा. बाजीराव पेशव्यांची समाधी बघायला रावेरखेडीला जाणारी मंडळी बरीच असतात (२८ एप्रिल १७४० ला ते तिथे वारले, त्यामुळे एप्रिलअखेर विचारणा वाढते). सनावद सोडून बेडियाच्या बाजूने आत शिरलं की रस्ता गावाचा आहे, तिथे ट्रॅव्हलरच बरी. देवास जेमतेम ३५ किलोमीटर. टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी, खाली बस लावून वर रोपवेने किंवा पायऱ्यांनी. तिथे मोठ्या बसची काही अडचण नाही. पावसाळ्यात पाताळपाणी-चोरल भागातही छोटी गाडीच न्या. कच्च्या कडेवर मोठी बस एकदा रुतली की ट्रॅक्टर शोधण्यात दिवस जातो.

ज्येष्ठांसाठी पहिली पायरी नीट बघून घ्या. बहुतेक बसची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीला येते. एक मजबूत, न घसरणारं छोटं लाकडी स्टूल बरोबर ठेवलं की दिवसभरातल्या दहा-बारा चढउतारांचा त्रास निम्मा होतो. दर थांब्यावर ते स्टूल लावायचं काम एकाच माणसाकडे द्या, म्हणजे ते मागे राहत नाही.

दोन गाड्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घ्यायच्या नाहीत. पहिली, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. विजेवरची असेल तर पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. दुसरी, रविवारी रिकामी उभी असलेली शाळेची बस. तिचा परवाना शाळेच्या कामासाठी असतो. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते आणि जखमी माणसाचा दावा वर्षानुवर्षं अडकतो.

गाडीचा नंबर आधी मागा आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून बघा: फिटनेस, विमा, कर आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखा दिसतात. सहलीच्या तारखेला त्या चालू असल्या पाहिजेत, आज नव्हे. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी करावा लागतो. नोंदणीत आसनसंख्या किती आहे तेही बघा. पस्तीसच्या गाडीत मधल्या वाटेत मोढे (बुटकी स्टुलं) टाकून चाळीस बसवण्याची सवय जुनी आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४-अ प्रमाणे जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहेच, आणि जादा माणसांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे जाऊ देत नाहीत. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की मधली वाट बंद झाली म्हणजे आग लागली तर मागची माणसं बाहेर पडणार नाहीत.

दराची भाषा

इंदुरात दर तीन पद्धतींनी सांगतात. शहरात फिरायचं असेल तर ८ तास-८० किलोमीटर. बाहेरगावी प्रति किलोमीटर, पण दिवसाला किमान २५० किंवा ३०० धरून. आणि ठरावीक जागांसाठी ठोक, "उज्जैन अप-डाउन" असं.

उज्जैन ५५ किलोमीटर. जाऊन-येऊन ११०, गोळा करणं धरून १४०. इथे किलोमीटरचा दर घेतला तर किमान ३०० च्या नावाखाली १६० न चाललेल्या किलोमीटरचे पैसे जातात. म्हणून उज्जैन आणि देवास कायम ठोक ठरवा. महेश्वरला २२० होतात, तिथे दोन्ही भाव मागून तुलना करा. मांडू किंवा रावेरखेडी केलं तर किमान आकडा जवळपास भरतोच, तेव्हा किलोमीटरचा दर चालेल.

तुलना करताना दर ऐकू नका, एकूण काढा. समजा एकाने सांगितलं ३२ रुपये, किमान ३००, एसी धरून, ड्रायव्हरचा भत्ता ५००. झाले १०,१००. दुसऱ्याने सांगितलं २८ रुपये, किमान ३००, पण एसीचे १,५०० वेगळे, भत्ता ७०० आणि रात्री ९ नंतर ५००. झाले ११,१००. ऐकायला दुसरा स्वस्त, द्यायला पहिला. टोल आणि पार्किंग दोन्हीकडे वर. टोल फास्टॅगमधून कापला जातो, तेव्हा अंदाजे आकडा देऊ नका. कापल्याचे मेसेज दाखवायला सांगा आणि तेवढेच द्या. पक्कं बिल घेणार असाल तर जीएसटी धरून भाव मागा. डिझेलसह भाड्यावर बहुतेक गाडीवाले ५ टक्के लावतात.

मीटर कुठून सुरू होतो हेही विचारून घ्या. "गॅरेज टू गॅरेज" म्हणजे गाडी त्यांच्या दारातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. गॅरेज बायपासच्या पलीकडे असेल तर दोन्ही वेळचे मिळून तीस किलोमीटर सहज वाढतात. ही पद्धत अन्यायाची नाही, डिझेल जळतंच. आधी माहीत नसणं मात्र भांडणाला कारण होतं. तसंच दिवस कसा मोजतात ते: बरेच जण रात्री १२ ते रात्री १२ मोजतात. उज्जैनला महाकाळाच्या पहाटेच्या भस्मारतीसाठी रात्री ११ ला निघालात तर त्या एका तासापायी दोन दिवसांचं किमान भाडं आणि दोन भत्ते लागू शकतात. अशा वेळी "२४ तासांचा एक दिवस" असं आधी कबूल करून घ्या. आणि भस्मारतीनंतर लगेच परत निघू नका. रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला तिथे तीन-चार तास झोपू द्या, किंवा दुसरा ड्रायव्हर मागा आणि त्याचे पैसे आनंदाने द्या.

सगळं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवा आणि "मंजूर" असं उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. मेसेजमध्ये तारीख, गाडीचा प्रकार आणि नंबर, नोंदलेली आसनं, थांब्यांच्या वेळा, मार्ग, परतीची वेळ, ठोक रक्कम किंवा दर आणि किमान किलोमीटर, मीटर कुठून, जादा किलोमीटर आणि जादा तासाचा दर, एसी कधी चालणार, टोल-पार्किंग-भत्ता कुणाकडे, गाडी बंद पडली तर किती तासांत दुसरी आणि न आल्यास आपण केलेल्या सोयीचा खर्च कुठून वळता होणार, रद्द केल्यास किती परत. लांबलचक वाटतं, पण दोन मिनिटांत वाचून होतं. एसीबद्दल विशेष स्पष्ट लिहा. गाडी उभी असताना आणि घाट चढताना एसी बंद ठेवण्याची पद्धत आहे. घाटात ते योग्यच असतं, इंजिनावरचा भार आणि उष्णता कमी होते. पण मे महिन्यात जेवणानंतर माणसं चढण्याआधी दहा मिनिटं एसी सुरू हवा असेल तर तो आधी मागावा लागतो.

आगाऊ रक्कम वीस-तीस टक्के, ती फर्मच्या खात्यावर. रस्त्यात ड्रायव्हर डिझेलसाठी पैसे मागतो, मालकाने त्याला तसंच सांगितलेलं असतं. द्या, पण त्याच वेळी मालकाला मेसेज करून ती रक्कम हिशेबात धरायला सांगा. त्याहून चांगलं म्हणजे "टाकी भरून या" ही अटच घालणं. सकाळी पंपावर मोठ्या बसची वीस मिनिटं जातात आणि तीही सगळे चढल्यावर.

सकाळची दहा मिनिटं

गाडी पहिल्या थांब्याला येण्याआधी शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी, नसेल तर त्याच सकाळी, दोन माणसांनी तिला एक फेरी मारावी. पुढचे टायर आधी. पुढच्या चाकाला रबर चढवलेला रिमोल्ड टायर असेल तर गाडी परत पाठवा; पुढचा टायर फुटला की स्टीअरिंग हातात राहत नाही. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मागच्या जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलेला असतो, तो काढायला सांगा. स्टेपनीत हवा, जॅक, वायपर, दोन्ही हेडलाइट, अग्निशामकाचा काटा हिरव्यात, औषधपेटी, काच फोडायची हातोडी. संकटकाळचं दार उघडून बघा. त्याच्यासमोर जादा सीट किंवा सामान असेल तर हलवा. एसी पंधरा मिनिटं चालवून शेवटच्या ओळीत हात धरून बघा, कारण पुढे गार लागतं आणि मागे नुसता वारा येतो. कारण बहुतेक वेळा धुळीने भरलेला कंडेन्सर असतो, आणि तो रस्त्यात दुरुस्त होत नाही.

मग ड्रायव्हर. "भैया, काल रात गाड़ी कहाँ थी?" हा एक प्रश्न सगळ्या कागदपत्रांइतका मोलाचा आहे. आपुलकीने विचारा, चौकशी केल्यासारखं नको. तो रात्री तीनला परतला असेल तर मालकाला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागा आणि तासभर उशीर सहन करा. मीटरचा फोटो त्याच्यासमोर काढा, म्हणजे संध्याकाळी वाद राहत नाही.

गाडीत गॅसची शेगडी आणि सिलिंडर चढवू द्यायचा नाही. भजनी मंडळांच्या सहलीत चहासाठी ती येतेच, प्रेमाने येते, पण बंद गाडीत गळती झाली तर वेळ मिळत नाही. चहा थर्मासातून न्या.

घाटात आणि ठिकाणावर

उतारावर बसचे ब्रेक जातात ते अचानक नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर हवेच्या ब्रेकचा दाबही भरत नाही. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ट्रकांच्या अशाच अपघातांसाठी बदनाम आहे. नियम साधा: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायची. पुढे बसलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज मोठा आणि घोगरा ऐकू आला तर सगळं ठीक आहे. गाडी गुपचूप वेगात घरंगळत असेल तर लगेच, शांतपणे सांगा. जळल्याचा वास आला तर मोकळी जागा बघून थांबायला सांगा आणि वीस-पंचवीस मिनिटं ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये.

ड्रायव्हरशी बोलणारा माणूस एकच असावा आणि त्याने पुढे, जागं बसावं. बाकीच्यांनी "इथे थांबा, तिथे वळा" म्हणायचं नाही. अंताक्षरीचा माईक ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरवरून बंद ठेवा. त्याला मागचा हॉर्न ऐकू यायला हवा.

पंक्चर झालं की सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या डावीकडे, कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, चाक बघायला गोळा तर व्हायचंच नाही. त्रिकोण पन्नास पावलं मागे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

उज्जैनला मोठी बस मंदिरापासून लांब लागते, पुढे ई-रिक्षा किंवा पायी. महाकाळाच्या मंदिरात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे "पोचलो की फोन करतो" हा रोजचा उपाय तिथे चालत नाही. उतरण्याआधीच जागा, वेळ आणि गाडीचा नंबर छापलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्या. पार्किंगमध्ये इंदूरच्याच, एमपी ०९ नंबरच्या पांढऱ्या बस डझनाने उभ्या असतात. माणसं जोडीने लावा: प्रत्येकाची एक जोडी आणि परत चढल्यावर "माझी जोडी आली" एवढंच सांगायचं. नावं पुकारत हजेरी घेण्यापेक्षा हे चौपट लवकर होतं आणि कुणी सुटत नाही.

महेश्वरला बस जुन्या वस्तीत शिरत नाही. किल्ल्याकडे आणि घाटाकडे चालावं लागतं, घाटाच्या पायऱ्या उंच आणि ओल्या असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना वर वाड्यातच वेळ घालवू द्या.

ड्रायव्हरचं जेवण आपल्या पंगतीच्या आधी. पंगत उठल्यावर त्याला वाढलं तर तो घाईघाईने जेवतो आणि लगेच स्टीअरिंगवर बसतो, नेमका दुपारी दोन ते चार या पेंगेच्या वेळेला. बारा वाजता त्याला जेवायला घाला, मग दीड-दोन तास गाडी सावलीत लावून झोपू द्या. त्या वेळात पिशव्या ठेवायला, पर्स विसरली म्हणून, थोडं टेकायला म्हणून कुणीही दार वाजवायचं नाही. उतरतानाच लागणारं सगळं बरोबर घ्या. पावसाळ्यात आणि मे महिन्यात आपल्याला मंगल कार्यालयाचा हॉल असतो, त्याला फक्त ती गाडीच असते. भत्ता ठरलेला असला तरी जेवण आपलंच, आणि डाळ-बाटी असो की पुरणपोळी, जे आपल्या पानात तेच त्याच्या पानात.

परतताना गाडी लागणाऱ्यांना चाकाच्या पुढच्या, खिडकीकडच्या सीट द्या. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या प्रत्येक ओळीत दोन.

शेवटच्या थांब्यावर घाई असते, तरी दोघांनी मागून पुढपर्यंत एकदा सीटखाली बघत यावं: चष्मे, डबे, कवळीची डबी, नव्या साड्यांची पिशवी. मीटरचा दुसरा फोटो काढा आणि गॅरेजपर्यंतचं अंतर ठरल्याप्रमाणे मिळवा. गाडी फर्मची असली तरी चांगल्या ड्रायव्हरचं नाव मंडळाच्या वहीत लिहा आणि पुढच्या वेळी गाडीच्या आधी तो मोकळा आहे का ते विचारा.